अडीच किलो

होडावड्याच्या तिठ्यावर, सायकलच्या दुकानामागे
सगुण मेस्त्रीची पडवी.
पाटी नाही. ज्याला यायचं त्याला वाट माहीत आहे,
पोलिसांनाही.

बाबांची बंदूक मी गोणपाटात गुंडाळून नेली.
खालची कडी ओढली की उघडणारी,
एका वेळी एकच काडतूस खाणारी जुनी मार्टिनी.
दस्त्यावर पांढऱ्या रंगात परवान्याचा नंबर,
त्यातला सात अर्धा उडालेला.
मेस्त्रीने नळीचा वास घेतला.
"चार निवडणुको ठाण्यात काढल्यान हिणां.
खारो वारो भरलो हा."

स्क्रू हलेनात.
त्याने बशीत बिंबलं चुरडली,
आणि दोन दिवस स्क्रू त्या आंबटात पडून राहिले.
मग उंडीचं तेल. खोबरेल नको म्हणाला,
खोबरेल थंडीत थिजतं
आणि थिजलेली कमान खोटं बोलते.

परवाना आता माझ्या नावावर आहे.
वानर शहाळी पाडतात, डुकरं सुरण उकरतात,
सत्तावीस वर्षं खडू धरलेल्या माझ्या तर्जनीचं पेर
सकाळी मिटत नाही.
म्हणून म्हटलं, मेस्त्री, चाप हलका करा.
श्वास लागला तरी सुटेल इतका.

तो काहीच बोलला नाही.
चिमटीत खटका धरून चिमणीच्या ज्योतीवर नेला,
काजळी बसू दिली,
घोड्याच्या खाचेत बसवून पुन्हा काढला.
काजळी पुसली गेली होती तेवढ्याच जागी
लोखंड लोखंडाला भेटत होतं,
एका कोपऱ्यात, तांदळाच्या कणीएवढं.
"बघ. ह्या कणयेर सगळो भार."

तेलदगडावर एक ओढ. फडक्याने पुसणं.
पुन्हा ज्योत, पुन्हा काजळी, पुन्हा ओढ.
मी मोजत बसले, दुसरं काय करणार.
एकेचाळीस.
बेचाळिसाव्या वेळी दगडापर्यंत गेलेला हात
त्याने मागे घेतला.
चापाच्या आतल्या कडेला बाबांच्या बोटाची झीज आहे,
ती तेवढी ठेवा, मी म्हटलं.
"ती घासून जाणा नाय, बाय."

मग बंदूक आढ्याकडे तोंड करून शेगड्याला बांधली.
चापाला तारेचा आकडा, आकड्याला पिशवी,
आणि पिशवीत त्याच्या बायकोची वजनं,
ती बाजारात बांगडे विकायची तेव्हाची,
अजून खवले चिकटलेली.
एक किलो. काही नाही.
दोन. काही नाही.
वर अर्धा ठेवला,
आणि काच तुटावी तसा स्वच्छ आवाज:
टक्.

"अडीच. ह्याच्या खाली मी जाऊचंय नाय."
पण माझं बोट—
"बोटाक सवय होता."

कानस पुसत, माझ्याकडे न बघता:
"एकदा केलंय हलको. पाऊण किलो.
पलीकडच्या वाडीतल्या एकाक.
फुलासारखो सुटायचो, माकाच गर्व झाललो.
रात्री काजीत कायतरी हाललां.
त्याचां बोट नुसतां टेकलां होतां चापार,
नुसतां टेकलां."
कानस स्वच्छ झाली होती, तरी पुसत राहिला.
"डुकर नाय होतो."

बाहेर कोणीतरी टायरात हवा भरत होतं.
मी नाव विचारलं नाही.

"मन बदलूक वेळ लागता, बाय," तो म्हणाला,
"आणि रात्री तर जास्तीच."
तीनशे रुपये घेतले. बिंबलांचे वेगळे नाहीत.

रोज संध्याकाळी रिकाम्या बंदुकीवर
मी ते अडीच किलो ओढते.
दोन किलोपर्यंत बोट एकटं जातं.
पुढच्या अर्ध्यासाठी मला त्याच्याबरोबर जावं लागतं.

चैत्रात पत्र आलं, आचारसंहिता, शस्त्र जमा करा.
ठाण्यात नवा पोरगेला हवालदार, घाटावरचा.
बंदूक उघडून बघितली, रिकामी,
छपराकडे धरून चाप ओढला,
पुन्हा ओढला, जोर लावून.
"मॅडम, फार जड आहे हो. दुरुस्त करून घ्या."
"करूनच आणलाय," मी म्हटलं.
"पावती द्या."